गहाण आणि भोगवटा

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहारधर्माचे जे विवेचन आहे, त्यात भोगवट्याविषयी एक नियम सांगून लगेच त्याला अपवाद जोडले आहेत. नियम असा की, आपली वस्तू दुसरा उपभोगीत आहे हे डोळ्यांनी पाहत असूनही जो धनी दहा वर्षे तोंड उघडीत नाही, त्याचा तिच्यावरील हक्क संपतो. अपवाद असे की, गहाण, शेताची सीमा, अज्ञान बालकाचे धन, विश्वासाने ठेवलेली ठेव आणि अशाच आणखी काही वस्तू दुसऱ्याने कितीही काळ भोगल्या तरी मूळ धन्याच्या हातून जात नाहीत. (त्याच ओळीत स्त्रियांनाही वस्तूंच्या पंगतीस बसविले आहे, ते आम्हास मान्य नाही, परंतु तो वाद आज नको.) अपवादांमागचे कारण उघड आहे. या सर्व वस्तू भोगणाराच्या हाती गेल्या त्या स्वामित्व म्हणून नव्हेत, तर धनी असहाय होता म्हणून, गरजू होता म्हणून, किंवा त्याने विश्वास टाकला म्हणून. अशा परिस्थितीत त्याने धरलेले मौन ही संमती ठरत नाही.

वकिलीच्या धंद्यात हा नियम आमच्या हाताखालून अनेकदा गेला. भाऊबंदकीच्या दाव्यात, कुळवहिवाटीच्या तंट्यात, देवळाच्या जमिनीच्या कज्जात त्याचेच आधुनिक रूप पुढे येते. परंतु त्याचा खरा कस आमच्या मते एका फार मोठ्या दाव्यात लागला. तो दावा गोमंतक आणि पोर्तुगाल यांच्यामधला. १५१० पासून १९६१ पर्यंत चारशे एक्कावन्न वर्षे एका दूरच्या राज्याने ही भूमी भोगली. या भोगातून त्याला काय मिळाले, काय मिळाले नाही, आणि तो संपल्यावर दोघांमध्ये देण्याघेण्याचे काय उरले, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोनच स्वरांत बोलला जातो. एक स्वर संतापाचा, दुसरा हळवेपणाचा. पहिल्याला जे काही पोर्तुगीज ते सारे पुसून हवे असते. दुसऱ्याला जुन्या घरांच्या बालकावांत बसून गेलेल्या दिवसांचे गोडवे गायचे असतात. दोघेही हिशेबाची वही मात्र उघडीत नाहीत. आम्हाला ती उघडावीशी वाटते.

पहिली नोंद स्वामित्वाची. सालाझारच्या राजवटीने १९५१ मध्ये घटना दुरुस्त करून 'वसाहत' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी 'सागरपार प्रांत' असा शब्द घातला. गोवा म्हणजे पोर्तुगालचाच एक प्रांत, तेव्हा तो परत देण्याचा प्रश्नच कोठे उद्भवतो, असा तो युक्तिवाद होता. नाव बदलल्याने वस्तू बदलते अशी समजूत वकिलांत पुष्कळ आढळते, राज्यकर्त्यांत त्याहून अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५ डिसेंबर १९६० च्या ठरावाने ती मान्य केली नाही. गोव्यासह हे सर्व प्रदेश स्वशासन नसलेले प्रदेश आहेत असेच तिने ठरविले. पुढच्या वर्षी १८ डिसेंबरला सुरक्षा समितीत भारताच्या प्रतिनिधीने हाच मुद्दा अधिक सरळ शब्दांत मांडला. जिंकून घेतलेल्या भूमीवर साडेचारशे वर्षे बसल्याने कायदेशीर हक्क उत्पन्न होत नाही, असे त्याच्या म्हणण्याचे सार होते. स्मृतीतला तो अपवादच जणू न्यूयॉर्कच्या सभागृहात नव्या पोशाखात उभा राहिला होता.

परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर न्यायाच्या दरबारात गोष्ट इतकी सोपी ठरली नव्हती. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगालने १९५५ च्या अखेरीस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून त्या प्रदेशात जाण्याचा मार्ग आपला हक्काचा आहे, आणि त्या हक्काचे मूळ १७७९ च्या पुणे दरबाराशी झालेल्या तहात आहे, असे त्याचे म्हणणे. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. सवाई माधवराव पेशव्यांच्या बालपणी झालेला तह आणि त्यामागून १७८३ व १७८५ मध्ये दिलेल्या सनदा अशा रीतीने पावणेदोनशे वर्षांनी युरोपातील न्यायाधीशांपुढे उलगडल्या गेल्या. बारा हजार रुपये वसुलाची गावे मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिली ती कशी दिली? राज्य म्हणून की सरंजाम म्हणून? ज्या पिढ्यांनी जहागीर, सरंजाम, इनाम, वतन या शब्दांवर आयुष्ये घालविली त्यांच्या वंशजांना या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जहागीरदाराला वसूल मिळतो, भूमी मिळत नाही. देणाराचे राज्य देणाराकडेच राहते.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मान्य केले की मराठ्यांनी दिली ती जहागीर किंवा सरंजाम होता; सार्वभौमत्व त्यांनी दिले नव्हते. येथपर्यंत वाचून मराठी माणसाची छाती फुगते. पण निकाल तेथे थांबत नाही. मराठ्यांच्या जागी इंग्रज आले, त्यांनी त्या गावांत पोर्तुगीजांचाच अंमल चालताना पाहिला, त्यास हरकत घेतली नाही, आणि पुढे भारतानेही बराच काळ घेतली नाही. तेव्हा या मूक मान्यतेने तेथील पोर्तुगीज सत्ता प्रस्थापित झाली, असे न्यायालयाने म्हटले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता मार्गाचा हक्कही त्याने मानला. सैन्य व शस्त्रे यांच्यापुरता नाकारला. आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही असाही निर्वाळा दिला.

येथे आमच्या मनात जो विचार आला तो असा. राष्ट्राराष्ट्रांच्या कायद्यात भोग पिकतो तो शेजाऱ्याच्या मौनाने. इंग्रज गप्प राहिले, म्हणून पोर्तुगीजांचा हक्क पिकला. ज्यांची ती गावे होती, ज्यांच्या शेतांतून तो बारा हजारांचा वसूल निघत होता, त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांच्या मौनाची अगर आरडाओरडीची नोंद त्या कागदांत कोठेच नव्हती. स्मृतिकारांनी निदान धन्याच्या मौनाचा विचार केला होता. आधुनिक राजनीतीने शेजारच्या जमीनदाराला विचारून काम भागविले. वसाहतीच्या हक्काविरुद्ध खरा नैतिक आक्षेप आम्हास हा दिसतो. काळ किती लोटला हा प्रश्न त्यापुढे गौण आहे.

आता दुसरी नोंद. ती सोन्याची आहे, आणि या साऱ्या प्रकरणात कायद्याचे मर्म तिच्याइतके स्वच्छ दुसऱ्या कशातही दिसत नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील सामान्य माणसे अडीनडीला बँको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेत दागिने गहाण ठेवून पैसे काढीत. त्यांत मंगळसूत्रे असतील, पाटल्या असतील, लेकीच्या लग्नासाठी जमविलेले चार तोळे असतील. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य येण्यापूर्वी हे गहाण सोने लिस्बनला हलविण्यात आले. त्यात हिंदूंचे होते आणि ख्रिश्चनांचेही होते; गरज दोघांनाही सारखीच पडते. राज्य गेले, झेंडा उतरला, गव्हर्नर वासालो इ सिल्वा याने शरणपत्रावर सही केली, आणि गहाणाच्या पावत्या मात्र गोव्यातल्या पेट्यांत तशाच पडून राहिल्या.

ते सोने १९९१ मध्ये परत आले. तीस वर्षे गेली; पावत्या जपणाऱ्या किती आया-आज्या तोवर राहिल्या असतील! भारतीय स्टेट बँकेच्या मार्फत ते मूळ मालकांस अगर त्यांच्या वारसांस देण्याची व्यवस्था झाली. गहाणदाराने वस्तू धन्याच्या आवाक्याबाहेर नेली, त्याला कर्ज फेडून ती सोडविण्याची सोयच ठेवली नाही, तर त्या काळाचे व्याज कोणी कोणाला द्यावे, असा प्रश्न आमच्यासारख्याला सुचतोच, आणि आमच्या मते त्याचे उत्तर धनकोला फारसे सुखावह नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. साडेचारशे वर्षांच्या राज्यावर ज्यांनी हक्क सांगितला, त्यांच्याच देशाने गहाण सोन्यावर हक्क सांगितला नाही. ही वस्तू आपली नव्हती, आपल्याकडे केवळ ठेवली होती, हे शेवटी मान्य केले.

राज्याच्या बाबतीतही नेमके हेच मान्य व्हावयास हवे होते. आणि ते झाले, याची आठवण आपल्याकडे फार थोड्यांना आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये क्रांती होऊन जुनी राजवट कोसळली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, नवी दिल्लीत उभय देशांनी करार केला. पोर्तुगालच्या वतीने सही केली परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांनी आणि भारताच्या वतीने आपल्या यशवंतराव चव्हाणांनी. या करारातील पहिल्याच कलमाची शब्दयोजना वकिलाने दोनदा वाचावी अशी आहे. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली या प्रदेशांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले, ते सहीच्या दिवसापासून नव्हे. भारताच्या राज्यघटनेप्रमाणे ते प्रदेश भारताचे भाग ज्या तारखांना झाले, त्या तारखांपासून. म्हणजे पोर्तुगालने आपणास काही दिले नाही. दान देणारा आजपासून देतो. मागल्या तारखेपासून मान्य करणारा एवढेच कबूल करतो की, त्या दिवसापासून ही वस्तू माझी नव्हती. मालमत्तेचे व दाव्यांचे प्रश्न वाटाघाटींनी सोडविण्याचे ठरले, आणि त्या प्रदेशांतील पोर्तुगीज भाषा व संस्कृती, तसेच ऐतिहासिक आणि धार्मिक वास्तू यांच्या जपणुकीसाठी पावले उचलण्याचेही ठरले. कोणी म्हणेल, यात क्षमायाचना कोठे आहे? आम्ही म्हणू, कोर्टात डोळे पुसणाऱ्या प्रतिवादीपेक्षा कबुलीजबाब देणारा प्रतिवादी आम्हास अधिक उपयोगी वाटत आला आहे.

परंतु वहीत अशाही नोंदी आहेत की ज्या कोणत्याही कबुलीजबाबाने वळत्या होत नाहीत. मोहन रानडे हे मूळचे सांगलीचे, मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आलेले. स्वातंत्र्यलढ्यातील सशस्त्र कारवाईत १९५५ मध्ये ते पकडले गेले आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात नेले गेले. गोवा मुक्त झाला तेव्हा ते तेथेच होते. भारताने युद्धकैदी म्हणून धरलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक १९६२ च्या मे महिन्यात स्वदेशी परतले, तेव्हाही ते तेथेच होते. त्यांची सुटका १९६९ च्या जानेवारीत झाली. ज्या भूमीसाठी कैद, ती भूमी मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी कैदी आत! ही चौदा वर्षे कोणत्या बँकेतून परत यावयाची? रानडे २०१९ मध्ये निवर्तले. याच काशियाशच्या कोठड्यांत सालाझारचे विरोधक असलेले पोर्तुगीज देशभक्तही वर्षानुवर्षे सडत होते, आणि एप्रिल १९७४ मध्ये त्यांच्या कोठड्यांची दारे उघडली, ही गोष्टही याच ओळीत लिहून ठेवली पाहिजे. राज्य करणारा आणि त्याच्या देशातली जनता यांत भेद न करणारा हिशेब आम्ही खरा मानीत नाही.

दुसरी अशीच नोंद आपणा देवस्थानांच्या मंडळींच्या घरातली आहे. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात साष्टीतील देवळे पाडली गेली. एका १५६७ सालीच त्यांची संख्या दोनशे ऐंशी होती असे मिशनऱ्यांच्याच लेखनात आहे. कुठ्ठाळचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ हे सारे देव रातोरात जुवारी ओलांडून अंत्रुज महालात आले. तो महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होता, ही गोष्ट आजकाल सोयीस्करपणे विसरली जाते. पाडलेल्या देवळांच्या जमिनी चर्चच्या आणि तिच्या संस्थांच्या उत्पन्नाला लावण्यात आल्या, आणि त्यासाठी गावोगावच्या देवांच्या नावांनिशी याद्या करण्यात आल्या. कायद्याचा विनोद पाहा. कोणते देऊळ कोठे होते, त्याची जमीन कोणती, हे आज आपणास निश्चितपणे कळते ते बव्हंशी या जप्तीच्या याद्यांवरून. हरण करणाराने हिशेब नीट ठेवला म्हणून हृत वस्तूचा पत्ता लागला.

१९६१ नंतर हे देव परत गेले का? वेर्ण्याला मूळ जागी म्हाळसेचे नवे देऊळ उभे राहिले खरे; पण म्हार्दोळची म्हाळसा म्हार्दोळलाच आहे, मंगेश मंगेशीलाच, शांतादुर्गा कवळ्यालाच. चार शतकांत तेथे तळी झाली, दीपस्तंभ झाले, अग्रशाळा झाल्या, पिढ्यांच्या पालख्या त्या वाटांनी फिरल्या. निर्वासिताचे बिऱ्हाड हेच घर झाले. सोने परत आणता आले, कारण ते सोनेच राहिले होते. जी वस्तू भोगकाळात स्वतः बदलून गेली ती परत करता येत नाही, फार तर तिच्याविषयी खरे बोलता येते.

खरे बोलण्याचा हा प्रश्न अलीकडे युरोपात पुन्हा निघाला आहे. मोझांबिकमधील विरियामू येथे डिसेंबर १९७२ मध्ये पोर्तुगीज सैन्याने केलेल्या हत्याकांडाबद्दल पंतप्रधान आंतोनियु कॉश्ता यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये मापुतो येथे क्षमा मागितली. हे कॉश्ता पितृकुळाने मडगावचे. पंतप्रधान या नात्याने ते जानेवारी २०१७ मध्ये गोव्यालाही येऊन गेले होते. पुढे एप्रिल २०२४ मध्ये तत्कालीन अध्यक्ष मार्सेलु रेबेलु द सौझा यांनी वसाहतकाळातील अन्यायांची किंमत देशाने चुकविली पाहिजे असे म्हटले, आणि तेथील सरकारने तसा कोणताही उपक्रम हाती नसल्याचे लगेच जाहीर केले. या दोहोंत आम्हास पहिली गोष्ट मोलाची वाटते. तीत गावाचे नाव आहे, तारीख आहे. साऱ्या इतिहासाबद्दल एकदम क्षमा मागणारा माणूस कशाबद्दलच मागत नसतो.

आणि क्षमा मागितलीच तर ती द्यावी कोणी? रानड्यांच्या कैदेची क्षमा रानडेच देऊ शकले असते. १५६७ सालच्या पुजाऱ्याच्या वतीने ती देण्याचे वकीलपत्र आमच्यापाशी नाही, तुमच्यापाशीही नाही, आणि कोणत्याही मंत्र्यापाशी नाही. मृतांच्या वतीने क्षमा करणे जसे आपल्या अधिकाराबाहेर आहे तसेच मृतांच्या वतीने आजच्या पोर्तुगीज मुलाचा द्वेष करणेही अधिकाराबाहेर आहे. वारसाला मालमत्ता मिळते, मालमत्तेपुरते कर्ज मिळते. बापाच्या गुन्ह्याची शिक्षा मिळत नाही, आणि बापाला झालेल्या जखमेची मालकीही मिळत नाही. ज्याच्या हाती मूळ गुन्ह्याचे फळ अजून आहे, त्याने ते द्यावे, एवढीच मागणी आपण न्यायाने करू शकतो.

राहिली शेवटची बाब, आणि ती लिस्बनमध्ये नसून आपल्या दाराशी आहे. पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांचे कायदे मागे राहिले. १९६२ च्या अधिनियमाने संसदेने ते, बदल होईपर्यंत, चालू ठेवले. १८६७ च्या नागरी संहितेतील वारसाहक्काच्या भागाची जागा पुढे बहुतांशी गोवा विधानसभेच्या कायद्याने घेतली. तो २०१६ मध्ये अमलात आला. त्या संहितेने पतिपत्नींना मालमत्तेत समान वाटा दिला म्हणून पोर्तुगालचे आभार मानावेत असे काहींचे म्हणणे, तर परकीयांचा कायदा म्हणून तो फेकून द्यावा असे दुसऱ्यांचे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये या दोन्ही म्हणण्यांतली हवा काढून घेतली. मूळ परकीय असले तरी भारताच्या संसदेने स्वीकारल्यामुळे तो भारताचाच कायदा झाला आहे, असे त्या निकालाचे सार. ज्या कायद्याला आपणच जिवंत ठेवले त्याचे श्रेय परक्याला कशाला, आणि त्याचा दोषही परक्याला कशाला?

हा दोषाचा भाग आपणा महाजनांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावा. आपल्या देवस्थानांचा कारभार आजही पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या नियमावलीने चालतो. प्रत्येक देवस्थानचे 'कोंप्रोमिस' नावाचे नियमपत्र, महाजनांच्या नावांचा 'कातालोग', देखरेखीला मामलेदार, ही सारी व्यवस्था तीच. ज्या राज्याच्या पूर्वजांनी देवळे पाडली त्याच राज्याने पुढे देवळांचे महाजन कोण हे छापील यादीत लिहून ठेवले, आणि ती यादी आपण मुक्तीनंतरही सोन्यासारखी जपली. पिढ्यान्‌पिढ्या पालखीला खांदा देणारे, पहाटे चौघडा वाजविणारे, समया घासून लावणारे कितीतरी भक्त त्या यादीच्या बाहेर आहेत. त्यांच्यापैकी कोणी हक्काचा प्रश्न काढला म्हणजे आपल्या बाजूचा पहिला जबाब काय असतो, हे मामलेदाराच्या कचेरीत अनेकांनी ऐकले असेल: चालत आलेला भोगवटा, आणि इतकी वर्षे कोणी हरकत घेतली नाही.

हा जबाब आपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता. सालाझारचे वकील तोच देत होते. हिंदू धर्मशास्त्र देवाला धनी मानते. आपल्या हाती आहे ती ठेव. यादीत नाव आहे म्हणून ठेवीची मालकी होत नाही, हे महाजनांना कोणा परक्याने शिकविण्याची गरज पडू नये. १९३३ ची नियमावली बदलण्याचा अधिकार आता लिस्बनकडे नाही. तो पर्वरीच्या विधानसभेकडे आहे, आणि कोंप्रोमिसात दुरुस्ती सुचविण्याची वाट मूळ नियमावलीतूनच महाजनांच्या सभेपर्यंत येते. त्या सभेपुढे हा विषय प्रथम कोणत्या देवस्थानची मंडळी ठेवतात, हे आम्ही पाहत आहोत.